आवाज ठेवायचं मशीन

बाबांची हाक नाल्यापलीकडच्या आमच्या भाजीच्या वाडीतून निघायची ती थेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन पोचायची. मध्ये नाला, ढोमणेकाकांचं कपाशीचं वावर आणि बाभळींची रांग. तरी आई चुलीपुढून मान वर करायची आणि मला म्हणायची, "बोलावून राह्यले वं, शिदोरी घेऊन जा." हाकेत शब्द असे फारसे नसतच. मला ते 'माय' म्हणत, आमच्याकडे बाप लेकीला तसंच म्हणतो, आणि हाकेत त्यातला 'मा' एवढा लांबायचा की 'य' येईपर्यंत मी चपला घातलेल्या असायच्या. आईसाठी नुसता एक 'होऽऽ' असे. तो ऐकून पाणी हवंय, पोतं हवंय की विंचू निघालाय हे तिला कसं कळायचं, कोण जाणे. मी एकुलती एक. घरात तीन माणसं, दोन बैल आणि त्या सगळ्यांवर बाबांचा आवाज, असा आमचा संसार होता.

वाडीत वांगी, भेदरं, पालक, सांबार आणि हिवाळ्यात पोपटीच्या शेंगा. भेदरं म्हणजे टोमॅटो आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. हे मला पुण्याच्या नातेवाइकांना अजून समजावून सांगावं लागतं, आणि ते अजून हसतात. हसोत बापडे. पहाटे तोडा करायचा, ओल्या पोत्यात माल गुंडाळायचा, आणि रविवारी वर्ध्याच्या बाजारात दुकान मांडायचं. बाजारात बाबांचं खरं रूप दिसे. दर रविवारी नवी आरोळी. "बिन बियाचं वांगं, सासूपासून लपवून खा वं माय!" शेजारचे भाजीवाले चिडायचे, बायका हसायच्या आणि हसल्या की थांबायच्या. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ते हाताने वांगं उलटं करून देठाकडून दाखवत. त्यांचा तो नेमच होता. "वांगं तोंडाकडून सगळेच पाह्यतेत," ते म्हणत, "कीड देठापाशी राह्यते." पहिल्या तोड्याची चार वांगी मात्र बाजारात जायची नाहीत. ती तुराट्यांच्या आगीवर भाजून आई भरीत करायची. कच्चं तेल, पातीचा कांदा, हिरवी मिरची आणि गरम भाकर. आज माझ्याकडे गॅस आहे, वांगी बारा महिने मिळतात आणि भरीत जमत नाही.

मी तेव्हा वर्ध्याला कॉलेजात होते. एका मासिकासोबत आलेली लिनक्सची सीडी माझ्या हाती लागली आणि माझं डोकं फिरलं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी अशी प्रणाली जी कुणा एकाच्या मालकीची नाही. ती फुकट घ्या, उघडून आत पाहा, हवी तशी बदला. आमचं गाव सेवाग्रामच्या आश्रमापासून सायकलच्या अंतरावर. आपलं सूत आपण कातावं हे शाळेत पहिलीपासून ऐकलेलं. मला वाटलं, हे तर तेच झालं. मी बाबांना म्हणाले, "आपल्या घरचं सूत हाय हे, बाबा. कोणाची चोरी नाई, कोणाची ताबेदारी नाई." बाबांनी तळहातावरचा तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता मान हलवली. त्यांना त्यातलं काय कळलं ते माहीत नाही, पण पोरगी खूश आहे एवढं कळलं. तयार संगणक घ्यायचा नाही, एकेक भाग निवडून घरी जुळवायचा, असं मी ठरवलं. त्यात मला फार मोठेपणा वाटत होता. आता लिहिताना तो मोठेपणा मला डासासारखा कानाशी ऐकू येतो.

अडचण अशी होती की त्या काळी बाजारातला प्रत्येक भाग लिनक्सशी जुळेलच याची खात्री नसे. ज्यांनी ते भाग बनवले त्यांना लिनक्सशी देणंघेणं नव्हतं. म्हणून जगभरच्या हौशी लोकांनी मिळून एक यादी केली होती, कुठला भाग चालतो आणि कुठला रुसतो. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून मी ती यादी छापून घेतली, टाचण्या लावून वही केली, आणि लाल पेनाने खुणा केल्या. हा मदरबोर्ड चालतो, हे मोडेम अजिबात नको, हे डिस्प्ले कार्ड चालतं पण कटकट करतं. बोर्डातच आवाजाची चिप बसवलेली होती आणि यादीत तिच्यापुढे 'चालतं' असं लिहिलेलं होतं. मी ती वही उशाशी घेऊन झोपायचे. एका महिन्यात मला ती पाठ झाली.

त्याच हिवाळ्यात बाबांचा घसा बसला. आधी वाटलं थंडी आहे, मग वाटलं बाजारात ओरडून बसला. संक्रांत झाली तरी सुटेना तेव्हा मी त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सगळं नीट, घाई न करता सांगितलं: गाठ स्वरयंत्रावर आहे, माणूस वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल आणि मग बोलता येणार नाही. ऑपरेशनची तारीख महिनाभरानंतरची मिळाली.  घरी आल्यावर बाबांनी खिशातली खर्र्याची पुडी चुलीत टाकली, हातपाय धुतले, ओसरीवर बसले आणि मला विचारलं, "तुयं ते मशीन आवाज ठेवते का वं?"

"ठेवते," मी म्हणाले.

"जन्मभर ठेवते?"

"जन्मभर."

"मंग माहा ठेव. तुह्या लेकराइले आयकवजो. नाईतर आजा मुका होता म्हणतीन."

आई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

नागपूरला भाग घ्यायला बाबा माझ्यासोबत आले. सीताबर्डीतल्या एका गल्लीत, जिन्याखालच्या चिंचोळ्या दुकानात आम्ही यादी घेऊन उभे. दुकानदार भला माणूस होता. त्याने मी सांगितलेला बोर्ड काढून दिला. खोक्यावर नाव तेच, नंबर तोच. फक्त कोपऱ्यात एक बारीक आकडा जास्तीचा होता. मी विचारलं तर तो म्हणाला, "वही है मॅडम, नया लॉट है. डिब्बे पे नाम देख लो." मी नाव पाहिलं, वहीतल्या लाल खुणेवर बोट ठेवलं आणि समाधान झालं. बाबांनी खोकं हातात घेतलं, बाजारात घेत तसं उलटं करून पाहिलं आणि बसक्या आवाजात म्हणाले, "उघडून पाह्य ना आतून एकडाव. उलटून पाह्य." दुकानदार हसला. मला लाज वाटली. मी म्हणाले, "बाबा, हे वांगं नाई."

त्यांनी खोकं माझ्या हातात परत दिलं. खोकं उघडून बोर्ड उलटसुलट करून पाहिला असता तर चिपेवर कोरलेलं नाव दिसलं असतं, ते वहीतल्या नावाशी जुळलं नसतं, आणि पुढचं सगळं टळलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं. बाबांनी सांगितलेलं होतं. एवढी वर्षं मी हे कुणाशी बोलले नाही, कारण बोलायला गेलं की ते 'हे वांगं नाई' माझ्याच तोंडून पुन्हा ऐकू येतं.

घरी बाजेवर जुनी सतरंजी अंथरून मी तो संगणक जुळवला. बाबा बॅटरी धरून उभे, आई दाराशी. पहिल्यांदा पडदा उजळला तेव्हा आईने त्याला हळदकुंकू वाहिलं. सगळं चाललं. रंग आले, अक्षरं आली, मराठी अक्षरंसुद्धा थोडी वाकडी पण आली. आवाज तेवढा आला नाही. मी सगळ्या खटपटी केल्या, मग कॅबिनेट उघडून बॅटरीच्या उजेडात ती चिप शोधली आणि तिच्यावरचं नाव वाचलं. कंपनीने नव्या मालात गुपचूप दुसरी चिप बसवली होती, आणि ती यादीत कुठेच नव्हती. मी खोक्याचं नाव जुळवलं होतं, आतला भाग जुळवलाच नव्हता.

यावर उपाय नव्हता असं नाही, हेच तर दुःख आहे. बूथवरून दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "अलग साउंड कार्ड लगा लो, नहीं तो दूसरी सिस्टिम डाल दो, दो मिनिट में बजेगा." दुसरी सिस्टिम म्हणजे विकतच्या प्रणालीची चोरून उतरवलेली सीडी, ती मी घरात येऊ देणार नव्हते. वेगळं कार्ड आणायला पुन्हा नागपूर गाठावं लागणार होतं, आणि ते आणणं म्हणजे माझी निवड चुकली हे कबूल करणं. मी म्हटलं, दोन दिवसांत मीच या चिपेला बोलती करते. दोन दिवसांचे चार झाले, चारांचे दहा. मी ती यादी करणाऱ्या, ओळखपाळख नसलेल्या परदेशी माणसांना सायबर कॅफेतून पत्रं लिहीत होते आणि ती माणसं सभ्यपणे सांगत होती की पुढच्या आवृत्तीत बघू. एक दिवस ढोमणेकाका कुंपणावरून म्हणाले, "अवं पोरी, माह्या घरी टेप पडला हाय. कोरी कॅसेट बी हाय. घेऊन जा ना, बापाचा आवाज भरून घे." मी हातातला स्क्रूड्रायव्हर न ठेवता उत्तर दिलं, "टेपची फीत खराब होते, काका. कम्प्युटरवर जन्मभर राह्यते." काकांनी मान डोलावली. शिकलेल्या पोरीपुढे ते काय बोलणार?

ऑपरेशन मंगळवारी होतं. रविवारी बाबांनी बाजार बुडवला. दुपारी आंघोळ केली, पांढरा सदरा घातला, टोपी घातली आणि संगणकासमोर स्टुलावर येऊन बसले. मी माइक जोडला. रेकॉर्ड करायची आज्ञा दिल्यावर मशीनने चूक दाखवली नाही, फाइल तयार झाली आणि तिचा आकडा वाढू लागला. ती वाजवून बघायची सोय नव्हती. आकडा वाढतोय म्हणजे आत काहीतरी जातंय, असं मी मनाला सांगितलं. बाबांनी आधी घसा खाकरला. मग वांग्यांच्या आरोळ्या झाल्या, भेदरांची झाली. मग कोल्ह्याच्या आणि सांबाराच्या जुडीची एक गोष्ट, जी ते मला लहानपणी पाणी देता देता सांगायचे. मग ते म्हणाले, "लेकराहो, मी तुमचा आजा," आणि थांबले. त्यांना पुढे सुचेना. मग खिडकीकडे तोंड करून, कानामागे हात धरून त्यांनी हाक मारली. बसकी होती, मध्येच फाटली, पण हाक होती. आई चुलीपासून उठून दाराशी आली.

"आला का?" त्यांनी विचारलं.

मी आकड्याकडे पाहिलं. "आला, बाबा. सगळा आला."

"मंग आयकव."

"आता नाई. स्पीकरचं काम राह्यलं हाय. दवाखान्यातून या, मंग आयका."

सोमवारी कॉलेज उघडं होतं. हे वाक्य मला सरळ लिहायला फार वर्षं लागली. हार्डडिस्क काढून टॉवेलात गुंडाळायची, बसने अर्ध्या तासात वर्ध्याला जायचं, प्रयोगशाळेतल्या संगणकाला जोडायची आणि कान लावायचा. बाबांना संध्याकाळी दाखल व्हायचं होतं. फाइल कोरी निघाली असती तरी दुपारभर वेळ होता, बाबांच्या गळ्यात आवाज होता आणि कुंपणापलीकडे काकांचा टेप होता. मी गेले नाही. विसरले नव्हते. कोरी निघेल या भीतीने गेले नाही. पाहिलं नाही तोवर ती भरलेली आहे असं म्हणता येत होतं. आईने त्या दिवशी भरीत केलं, कारण पुढे बरेच दिवस त्यांना नळीतून पातळच जाणार होतं. बाबा सावकाश जेवले. आणि दिवसभर बोलत राहिले, एरवी बोलत त्याहून किती तरी जास्त. कुठल्या वाफ्याला कधी पाणी द्यायचं, कुठला बैल कशाला बुजतो, आईशी लग्न ठरलं तेव्हा तिचा मामा काय म्हणाला. मी समोर बसून मेथी निवडत होते. मला त्यातलं अर्धं आठवतं.

ऑपरेशन चांगलं झालं. आठ दिवसांनी, बाबा अजून दवाखान्यातच असताना, मी हार्डडिस्क घेऊन कॉलेजात गेले. आवाजाची फाइल उघडली की पडद्यावर तिच्या लाटा दिसतात. माझ्या फाइलमध्ये लाटा नव्हत्या. डावीकडून उजवीकडे एक सपाट रेघ होती. ती मी शेवटपर्यंत सरकवून पाहिली. चाळीस मिनिटांची रेघ. मग डिस्क पुन्हा टॉवेलात गुंडाळली आणि संध्याकाळच्या बसने दवाखान्यात गेले. बाबांच्या गळ्याला भोक होतं, त्यावर फडकं होतं. त्यांनी उशाची पाटी घेतली आणि लिहिलं, 'मशीन बरं हाय का?' मी 'हो' म्हणून मान हलवली.

घरी आल्यावर आमच्या घराचे आवाज बदलले. वाडीतून बाबा मोटरच्या लोखंडी पाइपवर खुरपं वाजवायचे. एकदा आईसाठी, दोनदा माझ्यासाठी. आई बाजारात बसू लागली. तिला आरोळी द्यायची लाज वाटे, ती नुसती "वांगे, वांगे" म्हणायची आणि बाबा शेजारी बसून गिऱ्हाइकाला वांगं उलटं करून देठ दाखवायचे. कुणी हळहळलं की ते पाटीवर लिहीत, 'माहा आवाज पोरीच्या मशीनमधी हाय.' माणसं माझ्याकडे कौतुकाने पाहायची. मला बाबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा पाटीवर एकच शब्द: 'आयकव.' दोन्ही वेळा मी म्हणाले, "काम चालू हाय, बाबा."

पुढच्या वर्षी लिनक्सची नवी सीडी आली. तिच्यात त्या चिपेची सोय होती. मी ती घातली आणि संगणक सुरू होताना एकाएकी एक बारीक सूर वाजला, घरात पहिल्यांदाच. बाबा अंगणात जुड्या बांधत होते. ते हातातलं सगळं टाकून धावत आले, चौकटीला हात टेकून उभे राहिले आणि माझ्याकडे पाहू लागले. त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला मी आनंद म्हणणार नाही, ते त्याच्या आधीचं काहीतरी होतं. खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणाले, "हे नुसतं मशीनचं वाजलं, बाबा. तुमची फाइल जुनी झाली. उघडत नाई." त्यांनी पाटी घेतली. काही लिहिलं नाही. मग कोऱ्या पाटीवरून बाही फिरवून ती पुसली आणि बाहेर गेले. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. ते पुढे बरीच वर्षं जगले, माझं लग्न पाहिलं, नातीला कडेवर घेऊन वाफ्यांतून फिरले. त्यांना कळलं होतं का, हे मला माहीत नाही. नातीला ते टाळी वाजवून बोलवायचे, आणि ती पळत जायची.

आई आता माझ्याकडे वर्ध्याला असते. तिला लिहितावाचता येत नाही, ऐकू मात्र चांगलं येतं. घरी कुणी आलं की सांगते, "त्यायचा आवाज हाय हिच्यापाशी." मधूनच म्हणते, "लाव ना वं एकडाव," आणि मी काही तरी कारण काढते. मागच्या वर्षी ढोमणेकाकांच्या नातवाच्या लग्नात त्यांच्या पोरांनी गंमत म्हणून तो जुना टेप लावला. त्यात काका बैलाला शिव्या देत होते, मागे कोंबडा आरवत होता. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. काकांना जाऊन दहा वर्षं झाली.

काल दुपारी मी हे सगळं, इथपर्यंतचं, आईला वाचून दाखवलं. ती पोपटीच्या शेंगा सोलत बसली होती. कोऱ्या पाटीचा भाग आला तेव्हा तिचे हात थांबले. मी संपवलं.  ती रडेल असं मला वाटलं, रागावेल असंही वाटलं, आणि दोन्हींची मी तयारी केली होती. मग तिने मान वर केली आणि एवढंच विचारलं, "मंग ढोमण्याचा टेप काऊन नाई आणला वं?"

मी कागद खाली ठेवले.

"फीत खराब होते म्हणून," मी म्हणाले.

आईने पुढची शेंग सोलायला घेतली.